खोली आधी, पेटी मागाहून

जयसिंगपुरात रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. आता दुकान मुलाकडे आहे, पण लोक विचारायला अजून माझ्याकडेच येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘काका, गाणी ऐकायला स्पीकर घ्यायचाय, केवढा घेऊ?’ माझंही उत्तर ठरलेलं असतं. ‘तुमची खोली केवढी आहे?’ विचारणारा जरा गोंधळतो. त्याला वाटतं, मी विषय बदलला. पण शंभर-सव्वाशे वर्षांचा आवाजाचा इतिहास पाहिला, तर सगळी गोष्ट याच उलट प्रश्नात आहे हे लक्षात येतं. आज तोच इतिहास थोडक्यात सांगायचा आहे.

आपल्या गावाला ही गोष्ट पटायला हरकत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली. सरळ रस्ते, काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. आधी कागदावर आखणी झाली, मग घरं उभी राहिली. जागा आधी मोजायची आणि मग तिथे काय मांडायचं ते ठरवायचं, ही शिस्त या गावाच्या जन्मातच आहे. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण ती विसरतो.

गाव वसत होतं तेव्हा घरात गाणं ऐकायचं साधन एकच होतं, कर्ण्याचा फोनो. आपल्या देशात तबकडीवर ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. फ्रेड गेसबर्ग नावाचा तंत्रज्ञ विलायतेहून आला होता आणि गौहर जान त्याच्यापुढे गायल्या. तेव्हा वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गायकानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उमटायची. ऐकतानाही तेच, उलट्या दिशेनं. कर्णा जितका मोठा तितका आवाज मोठा. ‘मोठं म्हणजे चांगलं’ ही समजूत आपल्या मनात तिथून बसली.

कृष्णा ओलांडली की मिरज. तिथे राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या या बदलाची साक्ष देतात. त्यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं कर्ण्याच्या जमान्यातली आहेत आणि शेवटची, १९३७ साली त्यांचं निधन होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली, विजेवर केलेली आहेत. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. पहिल्यांत गाणं आहे, पण माणूस लांब उभा आहे. दुसऱ्यांत श्वास ऐकू येतो, तंबोरा ऐकू येतो. हा फरक घडवला तो १९२५ सालानं. त्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अभियंत्यांनी आजचा स्पीकर जगापुढे ठेवला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदी पडदा. मी दुकानात हजारो स्पीकर उघडले असतील. अगदी नव्यातला नवा उघडला तरी आत हीच रचना निघते.

हा नवा स्पीकर आधी थिएटरात गेला. ‘प्रभात’नं कोल्हापुरात तयार केलेला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली लागला आणि मराठी पडदा बोलू लागला. पडद्याच्या मागे भलेमोठे कर्णे आणि खोकी असत. शेकडो माणसांच्या गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता, तेव्हा ते बरोबरच होतं. घरात मात्र रेडिओ आला. लाकडी पेटी, पुढे कापडी जाळी, वर क्रोशाचा रुमाल, आणि जागा भिंतीतल्या फळीवर. पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं, आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांत दिवस त्या फळीवरून सुरू होऊ लागला. फळीवरचा स्पीकर ही आपल्याला नवी गोष्ट मुळीच नाही. फक्त तो एकटा होता आणि त्याची पेटी मागून उघडी होती.

मागून उघडी असली तर काय बिघडतं? दुकानात येणाऱ्या पोरांना मी हे करून दाखवत असे. नुसता सुटा स्पीकर टेबलावर ठेवायचा आणि गाणं लावायचं. आवाज पत्र्यासारखा येतो, खर्ज गायब. कारण पडदा पुढे जाताना समोरची हवा दाबतो आणि त्याच वेळी मागची हवा ओढतो. खालचे सूर कडेनं वळून एकमेकांना भेटतात आणि दाब नि ओढ मिळून शून्य होतं. मागचा आवाज पुढे येऊ नये म्हणून खोकं लागतं. तेवढ्यासाठी पूर्वी कपाटाएवढी खोकी करत.

इथे आपल्या भागातलाच एक दाखला देतो. मिरजेचे सतार-तंबोरा करणारे कारागीर प्रसिद्ध आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो. तो निवडताना कारागीर टिचकी मारून बघतो, कारण त्या भोपळ्यानं बोलायचं असतं. तारेच्या सुरात त्यानं स्वतःचा गोडवा मिसळायचा असतो. स्पीकरचं खोकं हे बरोबर याच्या उलट. त्यानं गप्प बसायचं असतं. तंबोऱ्याचा भोपळा, तबल्याची शाई, गायकाचा गळा हे सगळं ध्वनिमुद्रणात आधीच आलेलं आहे. खोक्यानं त्यात स्वतःचं लाकूड घातलं, तर प्रत्येक गायकाला एकच पडसं झाल्यासारखं वाटतं. म्हणून स्पीकर विकत घेताना खोक्यावर बोटानं टिचकी मारा. ‘टण्ण’ किंवा ‘ढब्ब’ असं घुमलं तर सोडून द्या. ‘टक्’ असा मेलेला आवाज आला तर पुढची चौकशी करा.

आता कपाटाएवढं खोकं लहान कसं झालं ते पाहू. एडगर विल्चर नावाचे एक शिक्षक न्यूयॉर्कला ध्वनितंत्र शिकवत. त्या काळी स्पीकरचा पडदा कडेला ताठ बसवत, म्हणजे तो फार हलून फाटू नये. विल्चर म्हणाले, ताठपणा कापडातून काढून हवेत घालू. पडद्याची कड एकदम सैल ठेवायची आणि खोकं सगळीकडून हवाबंद करायचं. पडदा आत गेला की कोंडलेली हवा त्याला परत ढकलते, बाहेर गेला की ओढून घेते. हवेचीच स्प्रिंग! पहिल्या नमुन्याची सैल कड त्यांनी गादीच्या खोळीच्या कापडाची केली होती आणि त्या कामात त्यांची पत्नी रोझमेरी यांचा हात होता. १९५४ साली विल्चर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल असा स्पीकर बाजारात आणला. ‘बुकशेल्फ स्पीकर’ हे नाव रूढ झालं ते या घराण्यातून.

लोकांचा विश्वास बसेना. एवढ्याशा खोक्यातून खर्ज येईलच कसा? मग १९५९ पासून कंपनीनं सभागृहांत एक प्रयोग सुरू केला. फाइन आर्ट्स क्वार्टेट या मंडळाचे चार वादक मंचावर वाजवत. मधूनच ते नुसते हात हलवत आणि आवाज त्यांच्या शेजारी ठेवलेल्या स्पीकरमधून येई. वादक कुठे थांबले आणि स्पीकर कुठे सुरू झाला, हे पुष्कळ श्रोत्यांना ओळखता आलं नाही.

पण फुकट काही मिळत नाही. क्लॉस यांचे पुढचे भागीदार हॉफमन यांनी याचा एक नियम सांगितला, त्याला आजही ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसरं सोडावं लागतं. दुकानदार तिन्हीचं वचन देऊ लागला की हा नियम आठवा. लहान खोलीत आपण सोडायचं ते मोठा आवाज, कारण त्याची तिथे गरजच नसते.

तिकडे इंग्लंडमध्ये बीबीसीला वेगळीच अडचण होती. बाहेरच्या कार्यक्रमांच्या ध्वनिक्षेपणासाठी त्यांच्या गाड्या असत. गाडीत दाटीवाटीनं बसून आवाजाची पारख करायची होती. मोठा स्पीकर मावत नव्हता आणि मावला असता तरी कामाचा नव्हता. त्यासाठी १९७० च्या दशकात त्यांच्या अभियंत्यांनी ‘एलएस थ्री फाइव्ह ए’ नावाचा स्पीकर सिद्ध केला. उंची फक्त एक फूट, आतली हवा सुमारे पाच लिटर. म्हणजे तेलाच्या पाच लिटरच्या डब्याएवढी. सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ गप्पच होतो आणि जोरात वाजवलेलं त्याला सोसत नाही. पण माणसाचा आवाज त्यातून इतका खरा येतो, की पन्नास वर्षं होऊन गेली तरी त्याचे नवे अवतार निघताहेत. बीबीसीची पारखण्याची रीतही साधी होती. ओळखीच्या माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, तोच माणूस शेजारी उभा करायचा आणि खरा आवाज नि स्पीकरचा आवाज ताडून पाहायचा. बोलणं खरं वाटलं तर गाणं आपोआप खरं वाटतं.

आपल्याकडे याच वर्षांत काय झालं? कॅसेटचा जमाना आला, टू-इन-वन आले, आणि १९९० नंतर खोक्यांवर मोठमोठे आकडे छापले जाऊ लागले. ‘दोन हजार वॉट पीएमपीओ’! माझ्याकडे दुरुस्तीला आलेला असा सेट उघडला, की आतला ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वॉटचा निघे. विजेच्या मीटरमधून तीस वॉट घेणारं यंत्र दोन हजार वॉट देणार कुठून? क्षणाच्या हजाराव्या भागात काय होऊ शकेल याचा कागदोपत्री आकडा म्हणजे पीएमपीओ. खरा आकडा ‘आरएमएस’ या नावानं बारीक अक्षरांत असतो. तोच वाचायचा.

आणि आपल्या कोल्हापूर-सांगली भागात तर आवाजाला नावच पडलं ‘डॉल्बी’. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली भिंत म्हणजे डॉल्बी. पण रे डॉल्बी हे कोण? हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतातच होते. इथून जाऊन १९६५ साली त्यांनी लंडनला प्रयोगशाळा काढली. त्यांचं पहिलं गाजलेलं काम कोणतं? टेपमधली खरखर कमी करणं. ज्या माणसानं गोंगाट कमी करण्याची विद्या शोधली, त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं. कायद्यानं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती रस्त्यावर पाळली जाते का, हा वेगळा विषय. पण आवाज म्हणजे दणका ही सवय रस्त्यावरून घरात शिरते, याचा मला अनुभव आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीचे एक निवृत्त शिक्षक वाड्यातून फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्या पत्नीची दृष्टी मधुमेहानं गेलेली. सकाळी गुरुजी त्यांना पेपर वाचून दाखवत, बाकी दिवसभर बाईंना सोबत असे ती ऐकण्याची. बातम्या, कीर्तन, नाट्यगीतं, पुस्तकांची वाचनं. मुलानं हौसेनं मोठ्या शहरातल्या एका दुकानातून कमरेएवढे दोन स्पीकर आणि वेगळा वूफर आणून दिला. पैसे चांगले मोजले होते. पण आठ दिवसांत बाईंनी ऐकणं बंद केलं. मला म्हणाल्या, ‘अहो, बुवा घागरीत तोंड घालून बोलतायत असं वाटतंय. शब्दच कळत नाही. मी आपली पडून राहते.’ डोळे गेलेल्या माणसाचे कानही मिटले तर उरलं काय? गुरुजींना वाटलं, बाईंना ऐकू कमी येतंय. ते कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला निघाले होते.

मी खोली मोजली. दहा बाय बारा, उंची दहा. भिंती गुळगुळीत, खाली फरशी, पडदा पातळ. दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत आणि बाईंची कॉट मागच्या भिंतीला टेकून. घागर होती ती खोलीच! याचा हिशेब कुणालाही करता येतो. ११२५ या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागा, लांबी फुटांत घ्या. बारा फुटांना ४७ येतात, दहा फुटांना ५६. तेवढ्या हर्ट्झचे सूर त्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमतात. रुंदी आणि उंची दोन्ही दहाच, म्हणून ५६ चा सूर दुप्पट जोरानं. त्यांच्या दुपटी ९४ आणि ११२, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ आवाज साधारण याच पट्ट्यात पडतो. भिंतीलगत ही घुमी सगळ्यात जास्त, कोपऱ्यात तर फारच. म्हणजे दणका कोपऱ्यातून निघत होता आणि भिंतीशी बसलेल्या कानावर आदळत होता. बुवांचे शब्द त्यात बुडत होते.

मोठे स्पीकर मुलाच्या हॉलमध्ये गेले. त्यांच्या जागी हवाबंद खोक्याची, पाच इंची वूफरची लहान जोडी आणली. लाकडी स्टुलांवर, बाईंच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे ठेवली. कॉट भिंतीपासून दोन फूट ओढली. समोरच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी केली आणि बाजूच्या भिंतीला घरातलीच एक जाड वाकळ टांगली. महिन्याभरानं गेलो तेव्हा सांगलीच्या बातम्या चालू होत्या. बाई म्हणाल्या, ‘आज हिला सर्दी झालीय, बघा.’ मी कान देऊन ऐकलं. निवेदिकेला खरंच सर्दी होती. डॉक्टरांकडे जायची गरज पडली नाही.

आता तुमच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. खोली शंभर-सव्वाशे चौरस फुटांची असेल तर चार ते साडेपाच इंची वूफरची जोडी पुरे. दीडशेच्या वर गेलात तर साडेसहा इंची पाहा. खर्जाची काळजी करू नका. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची असते. सत्तरच्या आसपास पोचणारा लहान स्पीकर आपलं बहुतेक गाणं-बजावणं नीट सांगतो.

फळीवरच ठेवायचा असेल तर हवाबंद किंवा पुढच्या बाजूला भोक असलेला घ्या. मागे भोक असलेल्याला मागे निदान वीतभर मोकळी जागा लागते. स्पीकर फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा, आत खोल ढकलू नका. खाली रबराचे तुकडे ठेवा. दोन स्पीकरांत पाच-सहा फूट अंतर आणि तेवढ्याच अंतरावर तुमची खुर्ची, म्हणजे चुलीचे तीन दगड जसे. वरचा लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो कानाच्या उंचीला हवा. फळी उंच असेल तर स्पीकरच्या मागे पाचर घालून तोंड खाली करा.

वॉट किती? कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून ८५, ८८ असा डेसिबलचा आकडा असतो. तो तीननं कमी झाला की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. लहान खोलीत ८५-८६ चा स्पीकर आणि वीस ते चाळीस खऱ्या वॉटचा अॅम्प्लिफायर भरपूर होतो. आता अॅम्प्लिफायर पोटातच असलेले आणि फोनला बिनतारी जोडले जाणारे स्पीकरही चांगले मिळतात. जागा कमी असेल तर तेही घ्या. खोलीचे नियम त्यांनाही तेच.

दुकानात जाताना स्वतःच्या ओळखीचं ध्वनिमुद्रण न्या. त्यात निम्मं बोलणं असू द्या. घरातल्याच माणसाचं फोनवर घेतलेलं बोलणं सगळ्यात उत्तम. दोन स्पीकर ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करून मागा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला भासतो. आणि जमलं तर दोन दिवस घरी नेऊन ऐकायची सवलत मागा. दुकानाची खोली तुमच्या घरी येत नाही.

मात्र पैसे खर्च करायच्या आधी एक करा. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली, तर आधी जाड पडदा, सतरंजी, वाकळ, पुस्तकांची मांडणी यांची सोय बघा. त्यातलं बरंचसं घरात पडूनच असतं. घरात म्हातारं माणूस असेल तर खुर्ची त्याच्या सोयीनं मांडा, आणि मग त्या खुर्चीकडे तोंड करून स्पीकर.

हल्ली ज्याच्या-त्याच्या कानात आपापलं गाणं असतं. त्याला माझी हरकत नाही, फोन मीही वापरतो. पण एका खोलीत चार माणसं एकच गाणं ऐकतात, मध्येच कुणी ‘वा’ म्हणतं, कुणी ‘जरा मागे घे’ म्हणतं, ही फळीवरच्या रेडिओनं आपल्याला लावलेली सवय होती. ती चालू ठेवायला मोठी खोली लागत नाही आणि मोठं खोकंही लागत नाही. मोजपट्टी मात्र लागते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)